रॅम वाढवायची की नाही? पैसे काढण्याआधी करायची मोजणी

कॉम्प्युटर संथ झाला की पहिला सल्ला मिळतो तो रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती हाताशी ठेवणारी मेमरी, वाढवण्याचा. कधी कधी तो अगदी बरोबर असतो. पण खान्देशात सेवा केंद्रांवर, आडतीच्या पेढ्यांवर आणि फोटो स्टुडिओंत जी सहा-आठ वर्षांची मशिनं रोज राबतात, त्यांचा अडथळा अनेकदा हार्ड डिस्क, उष्णता किंवा इंटरनेट हा असतो. अशा मशीनमध्ये रॅम कितीही घाला, फॉर्म तितक्याच वेळाने उघडतो. त्यात २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी वाढवली आणि जगभर रॅमचे भाव चढले. पूर्वी अंदाजाने घेतलेली रॅमची पट्टी फार महाग पडत नव्हती, आता पडते. म्हणून आधी मोजायचं आणि मग ठरवायचं. मोजायला पैसे लागत नाहीत, दोन-तीन कामाचे दिवस लागतात.

मशीनमध्ये आहे काय, ते आधी पाहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन मेमरी निवडा. एकूण रॅम, तिचा स्पीड, किती स्लॉट (पट्टी बसवायच्या जागा) भरले आहेत आणि फॉर्म फॅक्टर (पट्टीचा प्रकार), एवढं कागदावर लिहून घ्या. स्पीडवरून पिढी कळते: १३३३ किंवा १६०० असेल तर बहुधा डीडीआर३, २१३३ ते ३२०० असेल तर डीडीआर४, ४८०० किंवा त्याहून जास्त असेल तर डीडीआर५. या तिन्हींच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडिम' असेल तर लॅपटॉपची पट्टी निघते आणि बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असं लिहिलेलं असेल तर रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली आहे. पातळ लॅपटॉपांत आणि सगळ्या नव्या मॅकबुकांत हेच असतं. काही मॉडेलांत अर्धी रॅम सोल्डर केलेली आणि सोबत एक रिकामा स्लॉट असतो. म्हणून 'रो ऑफ चिप्स' दिसलं तरी कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या नेमक्या मॉडेलचा तपशील पाहा. स्लॉट नसेल तर रॅमचा विषय तिथेच संपला, पुढची फक्त डिस्क आणि उष्णतेची तपासणी करा.

कमाल मर्यादा प्रोसेसर आणि बोर्ड मिळून ठरवतात. एच६१ आणि एच८१ चिपसेटच्या जुन्या डेस्कटॉप बोर्डांवर १६ जीबीच्या पुढे जाता येत नाही. सेलेरॉन एन४०२० सारख्या स्वस्त लॅपटॉपच्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ८ जीबी आहे. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे जाऊन विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं, तेही बघा. घरगुती ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या वर रॅम वापरताच येत नाही, प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच हाती लागते. अशा मशीनमध्ये ८ जीबी घालून 'फरक पडला नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिथे आधी ६४ बिट विंडोज टाकायला हवं.

एकूण ८ जीबी असताना टास्क मॅनेजर ५.९ दाखवत असेल तर घाबरू नका. हार्डवेअर रिझर्व्हडपुढे दोन जीबीच्या आसपास आकडा दिसेल. रायझन प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तेवढी मेमरी स्वतःसाठी राखून ठेवतं. मात्र तुमच्या हिशेबात ते मशीन ८ चं न धरता ६ चं धरा.

गर्दीच्या वेळी मोजा

सकाळी मशीन सुरू करून लगेच घेतलेला आकडा काहीच सांगत नाही. सेवा केंद्र असेल तर प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस, केळीच्या पीक विम्याच्या मुदतीचा शेवटचा आठवडा, टॅली चालवत असाल तर जीएसटी विवरणपत्राची तारीख, स्टुडिओ असेल तर लग्नसराईतलं अल्बमचं काम, अशा वेळी मोजा. मशीन रीस्टार्ट करा, नेहमीसारखं दोन तास काम करा, आणि सगळ्यात जास्त खिडक्या उघड्या असतील तेव्हा टास्क मॅनेजर बघा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

चार आकडे लिहायचे: इन यूज, अव्हेलेबल, कमिटेड आणि डिस्कच्या रकान्यातली टक्केवारी. कमिटेडपुढे ९.८/१५.४ असा जोड आकडा असतो. त्यातला पहिला म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांना विंडोजने मिळून जेवढ्या मेमरीची हमी दिली आहे तो. दुसरा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेज फाइल (रॅमला पूरक म्हणून राखलेली जागा) मिळून तूर्त देता येईल तेवढी हमी. नुसत्या इन यूजच्या टक्केवारीवर निर्णय घेऊ नका. रिकामी रॅम विंडोज मुद्दाम कॅशसाठी, म्हणजे पुन्हा लागू शकणाऱ्या फाइली हाताशी ठेवायला वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडून देतं. ७० टक्के भरलेली रॅम हे तब्येत चांगली असल्याचंच लक्षण आहे.

पाचवी नोंद थोडी आत आहे, पण तीच सगळ्यात बोलकी. शोधपट्टीत रिसोर्स मॉनिटर लिहून तो उघडा आणि मेमरी टॅबमधला 'हार्ड फॉल्ट्स पर सेकंद' हा आलेख पाहा. हवं असलेलं पान (मेमरीचा छोटा तुकडा) रॅममध्ये सापडलं नाही आणि डिस्कवरून आणावं लागलं की एक हार्ड फॉल्ट मोजला जातो. नवा प्रोग्राम उघडताना आलेख उसळणारच. पण आधीपासून उघड्या असलेल्या टॅलीवरून ब्राउझरवर आणि ब्राउझरवरून परत टॅलीवर जाताना दर वेळी तो शेकड्यांत जात असेल आणि खिडकी दोन-चार सेकंद पांढरी पडत असेल, तर रॅम खरोखर कमी पडते आहे.

निर्णय असा घ्या. ऐन गर्दीत अव्हेलेबल अर्ध्या जीबीच्या खाली जातं, कमिटेडचा पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच वर आहे आणि खिडक्या बदलताना हार्ड फॉल्ट उसळतात, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर रॅम वाढवा. एकटं कमिटेड मोठं असणं पुरेसं नाही, कारण प्रोग्राम बरीच मेमरी मागून ठेवतात आणि वापरत नाहीत. अव्हेलेबल सतत दीड-दोन जीबीच्या वर राहत असेल तर तुमच्या आजच्या कामाला जास्त रॅमचा उपयोग नाही.

दोष दुसऱ्याचाच असतो तेव्हा

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क निवडली की एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) किंवा एसएसडी (चिपांवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) असं लिहिलेलं दिसतं. एचडीडी असेल, अव्हेलेबल भरपूर असेल आणि तरीही डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि वाचनाचा वेग मात्र एक-दोन एमबी असेल, तर तुमचा खर्च एसएसडीवर व्हायला हवा. फिरती हार्ड डिस्क सलग मोठी फाइल शंभर एमबीच्या आसपास वेगाने वाचते, पण विखुरलेले छोटे तुकडे वाचताना तिचा वेग एक एमबीच्याही खाली येतो. विंडोज दिवसभर नेमके असेच तुकडे वाचत असतं. साधी साटा एसएसडी हेच काम कित्येक पटींनी लवकर करते. ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क असलेल्या मशीनसाठी पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी एसएसडी, नंतर रॅम. आणखी एक कारण आहे. डीडीआर३ ची पट्टी नव्या मशीनमध्ये नेता येत नाही, अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक डेस्कटॉपांत सहज नेता येते.

त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा. हार्ड डिस्कपुढे 'कॉशन' दिसलं तर रॅमचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डेटाची प्रत काढा.

दुसरा दोषी म्हणजे ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पत्र्याच्या गाळ्यात त्याहून वाईट. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोहोचला की जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच उतरवतो. ओळखायची खूण सोपी आहे: सकाळी नऊला मशीन ठीक चालतं आणि दुपारी दोनला तेच काम रखडतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या पानावर बेस स्पीड पाहा. तो २.४० गिगाहर्ट्झ असताना वापर १०० टक्के आणि प्रत्यक्ष वेग ०.८ ते १.२ दिसत असेल तर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान तपासा. जिनिंगच्या भागात कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत थर धरून बसतात, फुंकर मारून ते निघत नाहीत. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) उघडून साफ करायची आणि नवी थर्मल पेस्ट लावायची. रॅमच्या खर्चापुढे हे काम फार स्वस्त आहे. लॅपटॉप थंड असूनही वेग ०.४ ते ०.८ वरच अडकलेला असेल तर चार्जर बदलून पाहा. नकली चार्जर ओळखू आला नाही की काही लॅपटॉप प्रोसेसरला मुद्दाम संथ ठेवतात.

तिसरं, पोर्टल. शेवटच्या तारखेला सरकारी साइट उघडत नाही तेव्हा बहुतेक वेळा भार त्यांच्या सर्व्हरवर असतो. तेच पान मोबाइलवर, मोबाइलच्या डेटावर उघडा. तिथेही चक्र फिरत राहिलं तर तुमच्या मशीनचा काही संबंध नाही. मोबाइलवर चटकन उघडलं तर लॅपटॉपला हॉटस्पॉट जोडून पुन्हा पाहा, म्हणजे ब्रॉडबँड दोषी की मशीन ते कळतं.

फुकटात मोकळी होणारी रॅम

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत नको असलेले प्रोग्राम बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मेमरी सेव्हर चालू करा आणि न लागणारी एक्स्टेन्शन्स काढून टाका. हे करून पुन्हा मोजा. 'रॅम क्लीनर' मात्र अजिबात टाकू नका. ते चालू प्रोग्रामांची पानं जबरदस्तीने रॅमबाहेर ढकलतात, आकडा सुंदर दिसतो आणि पुढच्याच क्लिकला तीच पानं डिस्कवरून परत आणावी लागतात.

कोणत्या कामाला किती

ऑनलाइन अर्ज, स्कॅनिंग, प्रिंट, एकट्या माणसाची टॅली आणि एक्सेल यांना ८ जीबी आणि एसएसडी पुरते. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबीची आहे, पण ४ मध्ये विंडोज आणि ब्राउझर उघडले की कामाला फारशी जागा उरत नाही. ज्या मशीनवर टॅलीचा डेटा आहे आणि दोन-तीन जण रिमोटने आत येऊन काम करतात, तिथे १६ घ्या. मोबाइल ॲप बनवण्याचा अँड्रॉइड स्टुडिओ हा प्रोग्राम एम्युलेटरसह (पडद्यावरच्या आभासी फोनसह) चालवणाऱ्या विद्यार्थ्यालाही १६ च लागते, त्याच्या अधिकृत गरजेतच तसं लिहिलं आहे.

स्टुडिओ आणि फ्लेक्सच्या कामाचा हिशेब कागदावर करता येतो, आणि तो करावाच. लग्नाच्या अल्बमची १२ बाय ३६ इंची शीट ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० गुणिले १०८०० पिक्सेलची होते, म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेल. ८ बिट आरजीबीत पूर्ण शीटभर पसरलेला एक लेयर सुमारे ११७ एमबीचा, पारदर्शकतेसह साधारण १५६ एमबीचा. असे १५ लेयर झाले की सव्वादोन जीबीच्या वर गेलात, आणि हिस्ट्रीच्या पायऱ्या वेगळ्याच. अशा दोन शीट एकदम उघड्या, शेजारी ब्राउझर आणि गाणी, म्हणजे ८ जीबीत काम अडणारच. अल्बमसाठी १६ हे योग्य माप आहे. १६ बिटमध्ये काम केलं तर हे सगळे आकडे दुप्पट होतात. १० बाय ८ फुटी फ्लेक्स ७२ डीपीआयला ८६४० गुणिले ६९१२ पिक्सेलचा, सीएमवायकेत एक थर सुमारे २३९ एमबीचा. तोच फ्लेक्स कोणी ३०० डीपीआयला बनवत असेल तर एक थर चार जीबीच्या पुढे जातो. तिथे रॅम वाढवण्याआधी डीपीआय उतरवा. फ्लेक्स लांबून पाहायचा असतो, त्याला एवढी बारीक छपाई लागत नाही. फोर-के व्हिडिओ एडिटिंगला ३२ जीबी घ्या.

नेमकं किती घ्यायचं ते स्वतःच्या नोंदीवरून काढा: गर्दीतला कमिटेडचा सर्वांत मोठा आकडा, अधिक त्याचा पाव भाग. १०.५ आला असेल तर १३ च्या आसपास, म्हणजे १६. ३२ घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही, विशेषतः भाव चढलेले असताना.

पैशाचा हिशेब

समजा पट्टी आणि बसवणावळ मिळून ४,००० रुपये लागतात आणि मशीन अजून दोन वर्षं चालवायचं आहे. वर्षाला ३०० कामाचे दिवस धरले तर ६०० दिवस, म्हणजे दिवसाला साधारण ६ रुपये ६७ पैसे. ऑपरेटरला महिना १२,००० पगार, २६ दिवस, ८ तास, तर तासाला साधारण ५८ रुपये. रोज १० मिनिटं वाचली तर साडेनऊ रुपयांच्या वर वाचतात, खर्च निघतो. पाचच मिनिटं वाचली तर निघत नाही. स्वतःचे आकडे घालून हे गणित करा. किती मिनिटं वाचतील ते हार्ड फॉल्टच्या वेळी खिडकी किती सेकंद अडकते आणि दिवसात किती वेळा अडकते, त्यावरून काढता येतं.

दुसरा हिशेब मशीनच्या वयाचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रोसेसरची मशिनं, ज्यांत बहुधा डीडीआर३ असते, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, ती साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. ज्या मशीनवर लोकांचे आधार, बँक आणि जीएसटीचे तपशील हाताळले जातात, ते सुरक्षा अपडेटविना चालवणं योग्य नाही. त्यामुळे डीडीआर३ च्या मशीनवर नवी रॅम घेऊन पैसे घालू नका, असं आम्ही म्हणू. ओळखीच्या ठिकाणी चांगली जुनी पट्टी अल्प किमतीत मिळाली आणि मशीन लिनक्सवर किंवा नुसतं टायपिंगला वापरायचं असेल, तर गोष्ट वेगळी. रॅम आणि एसएसडी मिळून खर्च त्याच तोडीच्या रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकल्या जाणाऱ्या) डीडीआर४ मशीनच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल, तर थांबा आणि मशीन बदलण्याचा विचार करा.

खरेदी करताना

जुनी पट्टी काढून तिच्या स्टिकरचा फोटो घेऊन दुकानात जा. पिढी आणि आकार जुळलाच पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर३ मध्ये व्होल्टेजही बघा: साधी डीडीआर३ दीड व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ ची. चौथ्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांना एलच लागते, साधी घातली तर बहुधा डिस्प्लेच येत नाही. वेग वेगळा असला तरी चालतं, दोन्ही पट्ट्या कमी वेगाने धावतात. ४ सोबत ८ लावली तरी हरकत नाही, त्यातली ४ अधिक ४ दुहेरी चॅनलवर (एकाच वेळी दोन मार्गांनी) आणि उरलेली ४ एकेरीवर चालते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला, विशेषतः रायझनला, एका १६ पेक्षा दोन ८ ची जोडी जास्त फायद्याची, कारण ग्राफिक्सला मेमरीचा दुप्पट रुंद मार्ग मिळतो.

ऑनलाइन फार स्वस्तात दिसणारी डेस्कटॉपची ८ जीबी डीडीआर३ पट्टी नीट वाचून घ्या. वर्णनात कुठेतरी 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं असतं. तिच्यावरच्या चिपांची रचना इंटेलच्या त्या काळातल्या मेमरी कंट्रोलरला वाचता येत नाही आणि मशीन सुरूच होत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या किंवा आपल्या तालुक्याच्या दुकानातून, पक्कं बिल घ्या, त्यावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तिथेच लावून दाखवायला सांगा. सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये बनवणाऱ्याचं नाव आणि आकार दिसतो, तो स्टिकरशी जुळतो का ते पाहा.

बसवताना

शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअप न लागता मशीन पूर्ण बंद होतं. केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. लॅपटॉपच्या आतल्या बॅटरीची पिन सोडवा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज चिपला मारक ठरू शकते, म्हणून टेरिकॉट-नायलॉनवर बसून हे काम करू नका आणि पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लागू देऊ नका.

लॅपटॉपची पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात पूर्ण आत सरकवून मग खाली दाबायची, दोन्ही क्लिपा आपोआप लागतात. डेस्कटॉपला सरळ वरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. चार स्लॉट असतील आणि दोनच पट्ट्या, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट भरायचा.

डिस्प्ले आला नाही तर बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. काढून पुन्हा बसवा, एकेक पट्टी लावून पाहा, पिना काळवंडल्या असतील तर मऊ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि भुगा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. डीडीआर५ च्या मशीनला पहिल्या वेळी काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो, मेमरीची जुळवणी चालू असते. त्या वेळात वीज तोडू नका. लोडशेडिंगची वेळ टाळूनच हे काम काढा.

मशीन सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा तपासा. मग शोधपट्टीत विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लिहून एक फेरी होऊ द्या, जमलं तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर पट्टी परत करा, 'चालतंय ना' म्हणून ठेवू नका. सदोष रॅम टॅलीचा डेटा गुपचूप बिघडवते आणि ते कळेपर्यंत बॅकअपमध्येही तोच बिघाड गेलेला असतो. त्यानंतर पुढच्या गर्दीच्या दिवशी तेच पाच आकडे पुन्हा लिहा. हार्ड फॉल्ट खाली आले नसतील तर परत करण्याची मुदत संपण्याआधी दुकानदाराला गाठा. काढलेली जुनी पट्टी नव्या पट्टीच्या प्लास्टिकच्या खोक्यात घालून सहा महिने तरी जपून ठेवा. नवीत बिघाड निघून ती वॉरंटीला गेली तर तेवढे दिवस मशीन तिच्यावरच चालवायचं आहे.